काळ्या किनारीचं पाकीट

माझी आई इंग्लंडला आली आणि तिने एकच गोष्ट फाडली. ती नेमकी दुसऱ्याची होती.

त्या वर्षांत मी वेम्बलीला राहायचे आणि कामाला वॉटफर्डला जायचे. सॉफ्टवेअर टेस्टिंग. हे सांगताना मी अजूनही जरा ताठ होते, त्याला माझा इलाज नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आईला सहीपुरतं येतं, बाबांना तेवढंही येत नव्हतं. म्हणून शाळेत असल्यापासून आमच्या वस्तीतली सगळी पत्रं माझ्याकडे यायची. पोस्टमन घरोघरी टाकून जायचा आणि बाया ती पदराखाली घेऊन आमच्या दाराशी बसायच्या. कोणाच्या जावयाची बदली, कोणाची म्हैस व्याली, सगळं आधी मला कळायचं. मला त्याचा माज होता म्हटलं तरी चालेल.

वॉटफर्डला ऑफिसजवळ एका चर्चच्या हॉलमध्ये महिन्यातल्या एका शनिवारी जुन्या पत्रांचा बाजार भरायचा. बाहेर ‘चहा मिळेल’ अशी पाटी होती, म्हणून मी आत शिरले. टेबलांवर बुटांची खोकी मांडलेली, खोक्यांत उभी लावलेली पाकिटं, आणि भिंगं घेऊन वाकलेले म्हातारे. सगळे पांढऱ्या केसांचे. काळ्या केसांची मी एकटी, आणि काळी तर एकटीच.

कोपऱ्यातल्या टेबलावर एक निवृत्त भूगोलशिक्षक बसायचे. मी एक पाकीट उचललं आणि सवयीने आतलं पत्र काढायला लागले, तर ते म्हणाले, “आधी बाहेरचं वाचा. आतलं सगळ्यांनाच वाचता येतं.”

मला हे फार लागलं. वाचन ही माझी जहागीर होती. पण बाहेरचं काय वाचायचं हे मला खरंच माहीत नव्हतं. त्यांनी शिकवलं. हा गोल शिक्का निघाल्या गावाचा, हा मागचा पोचल्या गावाचा. हा आकडा म्हणजे पैसे कमी पडले म्हणून घेणाऱ्याकडून वसूल करायची रक्कम. स्टँप येण्याआधीच्या पत्रांवर तर पोस्टातल्या माणसाच्या हातचे फराटे. आमच्याकडे पत्राचं पोट वाचायचं, इथे पाठ वाचायची. दर महिन्याला ते माझ्यासाठी शेजारी एक खुर्ची धरून ठेवायला लागले. स्वतःचा अल्बम माझ्यापुढे सरकवायचे आणि म्हणायचे, “तुम्ही उलटा पानं. तुमचे हात स्वच्छ असतात.” त्या हॉलमध्ये दुसऱ्या कोणाला ते पानाला हात लावू देत नसत. मी ते पाहून ठेवलं होतं.

मग त्यांच्या पत्रसंग्राहक मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनाच्या संध्याकाळसाठी मलाही पाकिटं लावून थोडी पानं मांडायला सांगितलं. माझ्याकडचा माल अगदीच साधा. तेव्हा त्यांनी आपलं एक पाकीट मला उसनं दिलं. जुन्या राणीच्या काळातलं, शंभराहून जास्त वर्षांचं, चारी बाजूंनी बोटभर काळी किनार. वर फिकट जांभळा पेनीचा स्टँप आणि त्यावर एका खेड्याच्या पोस्टाचा रबरी शिक्का. तेलकट शाईने रबर फुगलं होतं, त्यामुळे गोल जरा पोट सुटल्यासारखा उमटला होता. त्या खेड्यात तो शिक्का थोडेच महिने चालला, मग खराब झाला. त्यांनी असा दुसरा कधी पाहिला नव्हता. “आतलं पत्र फार काढू नका,” एवढं ते म्हणाले. “घड्या तुटायला आल्यात.” मी काढलंच नाही. मी आता पाठ वाचणारी झाले होते.

त्याच सुमाराला आई आली. आल्या आल्या तिने फ्रिजवर बुद्धाचा फोटो लावला, ईलिंग रोडवरच्या आपल्या दुकानांतून माझ्याहून चांगली भेंडी निवडून आणली, आणि माझ्या टेबलावरच्या पाकिटांना “कचरा” म्हणाली. मी तिला एकेक दाखवत सुटले. मला तिच्यासमोर हुशार दिसायला आवडतं, या वयातही.

“आन् हे काळं काय वं?”

“मौतीचं पत्र. इकडे कोणी मेलं की अशा किनारीचं पाकीट पाठवायचे.”

“मंग असंच ठेवलं?”

“मग कसं ठेवायचं?”

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर पाकीट जागेवरच होतं, पण उजवा वरचा कोपरा त्याच्या शेजारी होता. स्टँप आणि अर्धा शिक्का कोपऱ्यावर, अर्धा शिक्का पाकिटावर.

मी ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही. आई कणीक मळत होती, तिने हातही थांबवला नाही.

“तू इसरली होतीस. म्या फाडलं.”

मौतीचं कार्ड वाचलं की कोपरा फाडायचा, हे मला माहीत होतं. मी स्वतः वस्तीत कितीदा फाडला असेन. पण मी म्हटलं, “आई, आपण शुभ-अशुभ मानतो का? मग हे कशाला?”

“अशुभ कोन म्हनते? तुले तं काईच माईत नाही,” ती म्हणाली. “माह्या आजीच्या भावाच्या मौतीचं कार्ड आलं होतं. मास्तरच्या पोरानं वाचलं, आजी रडली, जाऊन आली. कार्ड तसंच कुडाच्या फटीत खोसलं. सहा-आठ महिन्यानं दुसरं कार्ड समजून कोनी तेच काढलं, दुसऱ्या पोराले वाचाले देल्लं. त्यात नाव नव्हतं, नुसतं ‘तुमचे भाऊ वारले’. आजीले वाटलं, दुसरा भाऊ गेला. तशीच उठली, बोंबलत त्याच्या गावाले गेली. तं तो बाजेवर बसून कांदाभाकर खाऊन रायला! वाचता येत नाही त्याईच्या घरी मौत दोनदा येते, बाई. म्हनून फाडा लागते. फाटलं दिसलं का समजाचं, हे होऊन गेलं.”

हे मला कधीच कोणी सांगितलं नव्हतं. मी वस्तीची पत्रं वाचत होते, कोपरे फाडत होते, पण कशाला ते विचारलं नव्हतं. राग होताच, त्यात हे येऊन मिसळलं. आता रागवायचं कोणावर, हेच कळेना.

दुसऱ्या दिवशी मी सरांना फोन केला. त्या भूगोलशिक्षकांना मी मनात सर म्हणायचे. सगळं सरळ सांगितलं, काही लपवलं नाही. मग ते म्हणाले, “नॉट टु वरी.” आणि लगेच, “मी येऊन पाहीन, चालेल ना?”

एवढ्या वर्षांत हे एक मला जमलेलं नाही. आमच्याकडे माणूस चिडला की चिडतो. शेजारच्या गल्लीला कळतं. इथे ‘नॉट टु वरी’ म्हणजे माफ केलं, की आता तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही?

शनिवारी ते आले. कोट, टाय, हातात बिस्किटांचा डबा. आईने आलं घालून उकळलेला चहा दिला. त्यांनी पहिला घोट घेतला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या, पण कप खाली ठेवला नाही. भिंग काढून त्यांनी कोपरा पाहिला, पाकीट पाहिलं, मग चष्मा काढून डोळे पुसले. ते पाणी रडण्याचं होतं की चहाच्या वाफेचं, मला सांगता येणार नाही.

“तुमच्या आईंना विचारा, का फाडलं.”

मी आजीच्या भावाची गोष्ट भाषांतर करून सांगितली. कांदाभाकरीचं काय करायचं ते सुचलं नाही, तर चीज सँडविच म्हटलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग जरा चाचरत म्हणाले, “पण हे मृत्यूचं पत्र नाही.”

“काळी किनार आहे ना?”

“घरात कोणी गेलं की वर्षभर, कधी त्याहून जास्त, हाच कागद वापरायचे. सगळ्या पत्रांना. मी आतलं वाचलंय. नवरा आधीच्या वर्षी गेलेला. बाई बहिणीला लिहितेय की कोंबड्या अंडी देत नाहीत, छपराचं काम झालं, आणि येताना निळी लोकर घेऊन ये.”

मी आईकडे पाहिलं. हे भाषांतर न करताही चाललं असतं. पण ती माझ्याच तोंडाकडे बघत होती, लहानपणी कार्ड वाचताना बाया बघायच्या तशी. मी सांगितलं.

आईचा चेहरा पडला. फोनवर भाऊबंदांच्या मौतीच्या बातम्या ऐकतानाही मी तिला इतकी घाबरलेली पाहिली नव्हती.

“म्हंजे जित्या बाईचं पत्र फाडलं म्या?”

“अगं, ती कधीच गेली. शंभराच्या वर वर्षं झाली.”

“ते आपल्याले माईत. पत्राले कसं माईत? त्यात तं ते लोकर मागून रायली.” ती उठली, स्वयंपाकघरातून वाटीत सकाळचा भात घेऊन आली आणि दोन शितं बोटावर चोळायला लागली. “त्याईले म्हन, आताच चिटकवून देते.”

सर खुर्चीतून अर्धे उठले. “नो, नो. प्लीज.” माझ्याकडे वळून म्हणाले, “फाटलेलं चालतं. जोडलेलं चालत नाही. जोडलं की ते कधी फाटलंच नाही असं सांगायला लागतं, आणि ते खोटं असतं.”

“काय म्हनते बुडा?”

“म्हणतात, जोडणं खोटेपणा आहे.”

“अन् जितीले मेली म्हननं काय हाये?”

मी मधे उभी. दोघंही माझ्याकडे बघतायत. माझी डिग्री, माझं इंग्रजी, वस्तीभरची पत्रं वाचलेलं माझं तोंड, सगळं होतं आणि बोलायला एक वाक्य नव्हतं. मला दोघांचं पटत होतं. हे असं मला कधी होत नाही.

“तुम्हाला काय वाटतं?” सरांनी विचारलं.

“मला माहीत नाही,” मी म्हटलं.

त्यांनी पाकिटाकडे बघितलं, आईच्या बोटावरच्या भाताकडे बघितलं. मग पाकीट आणि कोपरा दोन्ही माझ्याकडे सरकवले. “तुम्हीच ठेवा आता हे,” ते म्हणाले. उरलेला चहा संपवला, आईला “थँक यू” म्हणाले, जिना उतरून गेले. बिस्किटांचा डबा राहिला.

“देऊन टाकलं?” आईने विचारलं.

“की टाकून दिलं,” मी म्हटलं.

आईने कोपरा चिकटवला, मी हो-नाही केलं नाही. शिक्क्याचे दोन अर्धे जुळले, पण केसाएवढी फट राहिली, आणि भाताच्या चिकाची एक चमक. मंडळाच्या संध्याकाळी मी ते मांडलं. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं की कोपरा माझ्या आईने वेम्बलीत मौतीचं पत्र समजून फाडला आणि नंतर भाताने जोडला. लोक थांबायचे, वाचायचे, “इंटरेस्टिंग” म्हणायचे, पुढे जायचे. सर आले. बराच वेळ उभे राहिले. माझं पान जरा तिरकं लागलं होतं, ते त्यांनी बोटाने सरळ केलं.

आई परत गेली. तिकडून फोनवर विचारते, “चिटकून हाये ना?” मी म्हणते, “आहे.” मग तिचं समाधान होतं.

पुढच्या बाजाराच्या शनिवारी मी हॉलमध्ये गेले. खुर्ची होती. शेजारी, नेहमीच्या जागी. सरांनी अल्बम माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, “उलटा.” मी उलटायला लागले. प्रत्येक पान आता प्लास्टिकच्या पिशवीत होतं. आधी नव्हतं. नव्या पिशव्यांचा वास येत होता, आणि पानं उलटताना आवाज.

त्यांनी ते सगळ्यांसाठी केलं असेल. मी मात्र हात अजून स्वच्छ धुऊनच जाते.