शीट नंबर तीनवरचा बैल

डॉक्टरांनी टेबलावर शीट नंबर तीन उलगडलं आणि त्यावर निघालं एक चित्र. ते चित्र माझं होतं, आणि ते तिथे यायचं काहीच कारण नव्हतं.

गोष्ट नागपूरच्या धंतोलीतली, स्वातंत्र्यानंतरच्या पाच-सात वर्षांतली. मी एका आर्किटेक्टकडे नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन होतो, तोही टेंपररी. साहेब मला पर्मनंट करणार की घरी बसवणार, ते या कामावर ठरणार होतं. डॉक्टरांनी दवाखान्यासाठी इंग्रजी थाटाचा जुना बंगला घेतला होता. पुढचा गोल खांबांचा पोर्च पाडून तिथे तपासणीची खोली करायचं ठरलं. आमच्या धंद्यात नकाशावर नवं बांधकाम लाल रंगवतात आणि पाडायचं ते पिवळं. त्या देखण्या खांबांवर पिवळा रंग फिरवला त्या दिवशी मला डबा गोड लागला नाही.

साहेबांकडे ग्रीक देवळांचं एक जाडजूड पुस्तक होतं. काम नसलं की ते त्यातल्या कथा सांगायचे. चक्रव्यूहात कोंडलेला बैलाच्या तोंडाचा माणूस, पंखांचा घोडा, डोक्यावर छत पेलणाऱ्या दगडी बायका. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी तोच पोर्च काढला, पण स्वप्नात दिसावा तसा. खांबांच्या जागी लाल लुगड्यातल्या उंच बायका. छताला उलटा चरणारा निळा घोडा, त्याचे पंख हिरवे. आणि खाली सावलीत, हातात औषधाची बाटली घेऊन, नंबरची वाट बघत बसलेला बैलतोंड्या. अशा चित्रांना सर्रिअ‍ॅलिस्ट म्हणतात, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा नुसतं बरं वाटलं होतं.

पण ड्राफ्ट्समनचा हात कागदावर आधी चौकट आखतो आणि खाली उजव्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक करतो, म्हणजे कामाचं नाव आणि शीटचा नंबर. मी सवयीने तेही केलं होतं, पोर्चच्या शीटचाच नंबर तीन घालून. साहेबांनीही सवयीने तेवढा कोपरा पाहिला, गुंडाळी केली आणि आम्ही डॉक्टरांकडे निघालो. खरं शीट माझ्या बोर्डावर पिनांनी लावलेलं तसंच राहिलं.

डॉक्टरांनी कागद स्वतःकडे फिरवून घेतला.

"खांब तर पिवळे होते नं? हे लाल काहून?"

मी मान वर केली नाही. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पोराने घोळ घातला, एवढं म्हटलं असतं तरी ते मोकळे झाले असते आणि मी रस्त्यावर आलो असतो.

"शीट आमच्याच ऑफिसचं आहे," ते म्हणाले. "मी बघूनच आणलंय."

कोपऱ्यात डॉक्टरांच्या आई सुपारी कातरत बसल्या होत्या. त्यांनी कागद मागून घेतला. बायकांकडे पाहून हसल्या, घोड्याकडे दुर्लक्ष केलं, आणि बैलावर बोट ठेवलं.

"याले बरी सावली देली गा तुमी. बिमारासंग खेड्यावरून येतीन त्या लोकायले काहून नाही?"

वैशाखातलं नागपूर बाहेर भाजत होतं. उमरेडकडून, वर्ध्याकडून गाठोडं घेऊन आलेला माणूस बसणार कुठे, हे आमच्या एकाही शीटवर नव्हतं. पोर्च पाडल्यावर तर त्याला गेटबाहेरच उभं राहावं लागलं असतं.

पोर्च राहिला. खांबांच्या मधे बाकं आली आणि तपासणीची खोली मागे गेली. परतताना टांग्यात साहेबांनी ती गुंडाळी मांडीवर धरली होती. मी नोकरी गेली असंच धरून चाललो होतो.

"उद्यापासून तू पर्मनंट," शेवटी ते म्हणाले. "आणि यापुढे घोडे काढशील तेव्हा टायटल ब्लॉक करू नकोस."

त्या म्हाताऱ्या बाईंचे आणि साहेबांचे उपकार मी फेडू शकलो नाही. साहेबांच्या 'मी बघूनच आणलंय' या एका वाक्यावर माझा सगळा संसार उभा राहिला.

आता माझंच ऑफिस आहे. कोणतंही शीट पूर्ण उघडून पाहिल्याशिवाय मी गुंडाळत नाही. आणि दवाखान्याचा नकाशा करायला बसलो, की आधी बैलाची जागा ठरवतो.