यू राजाचं खोकं

शंतनू कन्नडकरला चिनी इतिहासावरच्या सचित्र पत्त्यांचा नाद होता, आणि नादही असा की पत्ते बघायचेच नाहीत! कुठल्या पत्त्यावर सम्राट, कुठल्यावर सेनापती, कुठल्यावर रेशमाचा व्यापारी. असे संच चीनमध्ये मोजकेच छापतात, आणि खोक्यावरचा प्लास्टिकचा पातळ कागद शाबूत आहे तोवरच त्यांना मान. शंतनूचं अख्खं कपाट अशा सीलबंद खोक्यांनी भरलं होतं. आत काय आहे, हे मालकालाही माहीत नव्हतं.

याला कारण लिऊ. वाळूजच्या कारखान्यात यंत्र बसवायला आलेल्या या चिनी तंत्रज्ञाने जाताना शंतनूला आपल्या संग्रहातला एक संच दिला. आपल्या शंतनूसाहेबांनी तो त्याच्यासमोरच टराटरा फोडला. लिऊचा चेहरा एवढासा झाला. पुढे शंतनूला त्या कागदाची किंमत कळली आणि तो मेल्याहून मेला झाला. तेव्हापासून लिऊच्याच मदतीने त्याने एकेक संच जमवला आणि एकाचाही कागद फाटू दिला नाही. शेवटी आला यू राजाचा संच. महापूर आवरणारा हा राजा. त्याचे संच छापणारी कंपनी बुडालेली, त्यामुळे तो मिळणं महाकठीण. लिऊनेच तो शोधून पाठवला. दिवाळीनंतर यंत्राच्या दुरुस्तीला तो पुन्हा येणार होता. त्याला कपाट उघडून दाखवायचं, एवढंच शंतनूच्या मनात होतं.

घरात मात्र अण्णा होते. सदाशिवराव, शंतनूचे वडील. घराणं कन्नडच्या भिक्षुकांचं, स्वतः तहसिलीत कारकून. निवृत्त होऊन मुलाकडे वाळूजजवळच्या सातारा परिसरातल्या फ्लॅटमध्ये आले, ते नेमके दुष्काळात. चारी बाजूंनी इमारती उठत होत्या आणि नळाला थेंब नव्हता. जो तो टँकरच्या वाटेकडे डोळे लावून.

"पाणी ठेवायला घरात जागा नाही, अन् तू पत्ते ठेवू लागलास कपाटात!" अण्णा म्हणायचे. "बघायचं नाही तर आणायचं काहून?"

एकदा शंतनू चिडून बोलून गेला, "अण्णा, माझा जीव आहे त्याच्यात!"

त्यानंतर अण्णांनी पत्त्यांचं नाव काढलं नाही. शंतनूला वाटलं, सुटलो एकदाचा.

खंडेनवमी आली. कारखान्यात यंत्रांना हार घालून, पेढा खाऊन शंतनू दुपारी घरी परतला. खाली टँकर आला होता आणि त्याची बायको मनस्विनी पाइप धरून ड्रम भरत होती. तो एकटाच वर गेला.

अण्णा सोवळं नेसून बसले होते. समोर पाट, पाटावर लाल वस्त्र, आणि वस्त्रावर ओळीने मांडलेले पत्ते. प्रत्येक सम्राटाच्या कपाळी गंध, डोक्यावर अक्षता, पायाशी झेंडूची पाकळी. एका दाढीवाल्या सेनापतीवर तीर्थाचे थेंब चमकत होते. प्लास्टिकचे कागद घडी घालून एका बाजूला ठेवले होते. कपाट रिकामं होतं.

शंतनू दारातच खाली बसला.

"आलास? ये ये," अण्णांचा चेहरा फुलला होता. "दरवर्षी आपण पळी-पंचपात्र अन् तुझा तो कंपनीतला डोक्यावरचा टोप पुजतो. यंदा म्हटलं, पोराचा जीव ज्याच्यात आहे ते पुजावं. आता बांधलेल्या पोथीची कुठं पूजा होते का? आधी सोडावी लागते. म्हणून ब्लेडनं हळूच सोडली सगळी. एकाला ओरखडा नाही, बघ! पाणीही माझ्या पिण्याच्या तांब्यातलं घेतलं, टँकरचं नाही."

शंतनूने तोंड उघडलं. ओरडावं तर कोणावर? या म्हाताऱ्यावर, ज्याने आपल्या तोंडचं पाणी या पत्त्यांवर शिंपडलं?

अण्णांनी मांडीखालून एक खोकं काढलं. यू राजाचं! कागद जसाच्या तसा. शंतनूच्या जिवात जीव आला.

"हे ठेवलं तुझ्यासाठी. याच्यावर नदी दिसली, भरून वाहणारी. म्हटलं, असल्या सालात हे शुभ आहे. घरच्या कर्त्यानं आपल्या हातानं सोडावं." त्यांनी ब्लेड पुढे केलं. बोटं गंधाने ओली होती.

नाही म्हणायला हरकत नव्हती. एकच शब्द तर होता. पण त्या एका शब्दाने पाटावरची सगळी पूजा पाप ठरली असती, आणि अण्णा ते या वयात कुठे नेऊन ठेवणार होते? शंतनू खोकं हातात घेऊन बसून राहिला. अण्णा वाट बघत राहिले. खाली मनस्विनी कुणाला तरी पाइप सोडू नका म्हणून ओरडत होती.

त्याने ब्लेड घेतलं. कागद अगदी हलका आवाज करून सुटला. वरच्याच पत्त्यावर निळंशार पाणी होतं, काठोकाठ, आणि त्यात गुडघाभर उभा राजा. मग तो राजा शंतनूला दिसेना. डोळे वाहू लागले होते.

अण्णा सरकत सरकत जवळ आले आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागले.

"अरे वेड्या," ते म्हणाले, "इतकं आवडतं, तर इतकी वर्षं उघडून बघितलं का नाहीस?"