चपातीसुद्धा कुकरमधून

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाल्या, "अक्यूट ल्युकेमिया आहे. म्हणजे रक्ताचा कर्करोग. बरा होऊ शकतो, पण आजच ॲडमिट व्हावं लागेल."

माझी बायको सुनंदा शेजारच्या खुर्चीत बसली होती. ती म्हणाली, "आधी घरी जाऊन येऊ का? दूध तापवून ओट्यावरच ठेवलंय. नासेल."

"ते मिस्टर बघतील," डॉक्टर म्हणाल्या.

मी घरी गेलो आणि दूध फ्रिजमध्ये ठेवलं. आमच्या आजारपणातलं माझं पहिलं काम हेच. मी शिवडीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामावर सुपरवायझर आहे. कुठली गोणी कुठे लावायची हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन, पण घरातली साखर कुठल्या डब्यात असते ते माहीत नव्हतं.

लक्षणं तशी साधी होती. जिना चढताना दम, नडग्यांवर न पडताच उठलेले काळेनिळे डाग, दात घासताना हिरड्यांतून रक्त. आम्ही बीट आणि खजूर चालू केले. खजुराने काही होईना तेव्हा रक्त तपासलं. मग बोन मॅरो, म्हणजे कमरेच्या हाडात सुई घालून मगज काढतात, ती तपासणी झाली. तुमच्यापैकी कुणाला असे डाग दिसले, तर खजुराच्या आधी रक्त तपासा.

पहिली कीमोथेरपी वॉर्डातच झाली. त्याबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे करणारे दुसरे होते. मी बाकावर बसायचो, नाव पुकारलं की उठायचो. परळची इस्पितळं आमच्या लालबागच्या घरापासून चालत जाण्यासारखी. इतकी वर्षं त्यांच्यावरून गेलो, पण आत एवढी माणसं बसलेली असतात हे लक्षात आलं नव्हतं.

खरी कसोटी पुढच्या फेरीनंतर लागली. औषध देऊन तिला घरी पाठवलं आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "आता न्यूट्रोपेनिया येईल," त्या म्हणाल्या. म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपतात. कीमो कर्करोगाच्या पेशी मारते, तशी यांनाही सोडत नाही. "कॅन्सर आटोक्यात येतोय, पण या दिवसांत साधं इन्फेक्शनही जिवावर बेतू शकतं. तोंडात जाईल ते सगळं प्रेशर कुकरमधून आलेलं हवं."

"चपाती?" मी विचारलं.

"चपातीसुद्धा."

प्रत्येक इस्पितळात इतकं कडक सांगतात असं नाही. तुम्ही तुमच्या डॉक्टरांचं ऐका. मी आमच्या डॉक्टरीणबाईंचं ऐकलं. भाजलेल्या चपात्या स्टीलच्या डब्यात झाकण लावून कुकरमध्ये, शिट्ट्या झाल्या की वाफ आपोआप जाईपर्यंत हात लावायचा नाही, आणि डबा थेट तिच्यासमोर उघडायचा. बाहेर येणाऱ्या चपातीला चपाती म्हणणं धाडसाचं होतं. पहिल्या दिवशी रिंग नीट बसली नाही. सगळी वाफ बाजूने गेली आणि मी शिट्टीची वाट बघत उभा. आतून सुनंदाचा आवाज आला, "अहो, करपलं." मास्क लावून, दार लोटून बसलेल्या बाईला वास आला आणि ओट्याशी उभ्या असलेल्या मला आला नाही.

तिच्या पेशी वाढवणारी इंजेक्शनं फ्रिजमध्ये ठेवायची होती. फ्रीझरमध्ये नाही आणि दारातही नाही, मधल्या खणात. वीज गेली की मी फ्रिजसमोर जाऊन उभा राहायचो. उभं राहून काय होणार होतं? पण बसवत नव्हतं. दिवा लागून आतून गुरगुर सुरू झाली की हायसं वाटायचं. त्या मशीनला मी त्या दिवसांत मनातल्या मनात कितीदा हात जोडले असतील, सांगता येत नाही.

आणि संडास. याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. आमची चाळ पाडून टॉवर झाला त्याला फार वर्षं झाली नाहीत. नव्या घरात आल्यापासून मीच कुरकुर करत होतो, की दारं बंद असतात, शेजारी कळत नाही, गॅलरीतल्या गप्पा गेल्या. पण चाळीत मजल्याच्या टोकाला सगळ्यांचे मिळून संडास होते आणि सकाळी रांग. सुनंदाचं हे आजारपण तिथे आलं असतं तर? आता आपल्या घरात आपलं दार, आतून कडी, बटण दाबलं की स्वच्छ पाणी. गीझरचं गरम पाणी आहे, चादरी रोज धुऊन देणारं मशीन आहे, तिला पायऱ्या चढायला न लावणारी लिफ्ट आहे. यातली एकही वस्तू मी कधी नीट बघितली नव्हती. गॅलरीतल्या गप्पांबद्दल मी त्यानंतर तोंड उघडलेलं नाही.

मदतीला कणकवलीहून माझी थोरली बहीण आली. आम्ही तिला आक्का म्हणतो. तिने ओटा ताब्यात घेतला आणि मला गोदामावर जाता येऊ लागलं. आक्काला नियम सांगितले, तिने ते शब्दशः पाळले. हात धुणार, डोक्याला फडका बांधणार, सगळं कुकरमध्ये शिजवणार. एका दुपारी मी लवकर घरी आलो, तर सुनंदा काळ्या वाटाण्याची उसळ जेवून ताट ठेवत होती. वाटीच्या कडेला पांढरं काहीतरी लागलं होतं. ओलं खोबरं, आणि कोथिंबिरीचं पान.

"आक्का, हे कधी घातलंस?"

"वाढताना," आक्का म्हणाली. "वरसून खोबरा नाय भुरभुरवला तर उसळ कशी रे लागतली?"

कुकर उघडल्यावर, कच्चं. तिने नियम मोडला नव्हता. तिच्या हिशेबी खोबरं-कोथिंबीर हा स्वयंपाक नव्हताच. आमच्याकडे तो हाताचा शेवटचा झटका असतो, तो काही कुणी मोजत नाही. मला प्रचंड राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी जेवणवेळेच्या सुमारास सुनंदाला थंडी वाजून ताप चढला. ताप आला तर गोळी देऊन वाट बघू नका, थेट या, असं बजावलेलं होतं. आम्ही टॅक्सीने गेलो. तपासणाऱ्या डॉक्टरांनी घसरलेलं बीपी बघितलं आणि त्यांची धावपळ सुरू झाली. सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्ग रक्तात पसरून शरीरच कोलमडायला लागतं. तिला आयसीयूत नेलं. ॲन्टिबायोटिक सुरू झाली. मी आणि आक्का बाहेरच्या खुर्च्यांवर बसलो.

आमच्या डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा मी खोबऱ्याचं सांगितलं, आक्काच्या देखत. मला ते टाळता आलं नाही.

"त्यानेच झालं असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "या काळात स्वतःच्या आतड्यातले जंतूसुद्धा पुरतात. कशाने झालं ते बहुतेक कळणार नाही. आता ती औषधाला कशी साथ देते ते बघायचं."

त्या गेल्यावर आक्का बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "माका ठावक नाय होता रे." मी म्हटलं, "मलाही फ्रिजचा मधला खण ठाऊक नव्हता."

बीपी सावरलं. ताप हळूहळू उतरला. पेशी वर यायला लागल्या आणि ती घरी आली. त्या दिवशी आक्काने झाकण लावण्याआधी कुकर माझ्यासमोर धरला. "बघ, खोबरा आतच घातलंय," ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता रिंग बसवली.

पुढच्या फेऱ्या अशाच गेल्या, कधी बऱ्या, कधी वाईट. शेवटी रिपोर्टवर रेमिशन हा शब्द आला. म्हणजे तपासणीत आजार सापडत नाही. बरा झाला असं म्हणायला अजून काही वर्षं आहेत, तोवर ठरल्या वेळी रक्त तपासायचं. डॉक्टरांनी साधं घरचं जेवण जेवायची परवानगी कागदावर लिहून दिली. तो कागद हातात घेऊन मी काही नाचलो नाही. मला त्यावर विश्वासच बसत नव्हता.

तिच्या सगळ्या आजारपणात आम्ही जे पुढे ठेवलं ते सुनंदाने निमूटपणे खाल्लं होतं. आमच्या लग्नापासून मी तिला असं, नावं न ठेवता, कधी जेवताना बघितलं नव्हतं, आणि मला ते तापापेक्षा वाईट वाटायचं. आक्का गावी परतली होती आणि परवानगीनंतरही सवयीने मी दोन दिवस चपात्या कुकरमध्ये घालत होतो. तिसऱ्या दिवशी तिने डबा उघडला, एक ओलसर चपाती दोन बोटांत धरून वर उचलली आणि ताट सरकवलं.

"हे तुम्हीच खा," ती म्हणाली. "एवढे दिवस मरणाच्या भीतीने गिळलं. आता नाही गिळणार."

ती उठली आणि तिने तवा ठेवला. मी ती ओलसर चपाती खाल्ली, सगळीच्या सगळी. खाताना मला रडू येत होतं आणि ती पाठमोरी उभी राहून विचारत होती, "मीठ घालायचं असतं पिठात, हे कुणी सांगितलं नव्हतं का तुम्हाला?"