साहेबांच्या दारावरची पाटी

मंत्र्यांच्या दारांवर नावाच्या पाट्या लावायच्या आणि उतरवायच्या, एवढंच पाटीकाकांचं काम. स्क्रू मात्र ते कधीच पूर्ण आवळत नसत. "उतरवताना कोण झटापट करणार?" बायको म्हणायची, "घरच्या कपाटाचंही तेच! उघडायला जावं तर दारच हातात!"

नव्या बांधकाममंत्र्यांची पाटीही तशीच लागली. साहेबांचं आधी चपलांचं दुकान होतं. लिफ्टवाला त्यांच्याच घोगऱ्या आवाजात ऐकवायचा, "चपला काय नि पूल काय, माणूस दोन्हींवर उभाच राहतो ना?" काका पोट धरून हसत.

मग पूल कोसळला. माणसं गेली. बोल्ट सैल होते, अशी बातमी आली आणि काकांना आपले स्क्रू आठवले. गपचूप जाऊन पाटी आवळावी, असं रोज वाटे. पण दाराशी पत्रकारांची ही गर्दी! काकांच्या हातात पेचकस दिसला असता, तर "साहेब चालले!" म्हणून बोंब उठली असती.

आज साहेब त्याच गर्दीसमोर गरजले, "राजीनामा देणार नाही!" आणि आत जाऊन त्यांनी धाडकन दार आपटलं. पाटी खाली. सगळ्या कॅमेऱ्यांसमोर.

काकांना बोलावणं आलं. लिफ्टवाला आज नक्कल करेना. नुसताच म्हणाला, "सांभाळून हं, काका." नोकरी गेली तर सरकारी खोली जाणार, आणि घरी लेक बाळंतपणाला आलेली.

"म्हणजे काय आहे ना साहेब," सचिव हात चोळत म्हणाले, "हा घातपात आहे. म्हणजे काय आहे ना, याला आत्ताच निलंबित करू."

साहेबांनी टेबलावरची पाटी उलटी केली. "सैल का ठेवली?"

काका पाटीकडेच बघत म्हणाले, "ल... लवकर काढता यावी म्हणून, साहेब. सगळ्यांच्याच तशा. मंत्री काय, आज आहेत..." पुढचं त्यांनी गिळलं.

सचिवांनी कपाळावर हात मारला. साहेबांनी मात्र पाटीच्या रिकाम्या भोकांवरून बोट फिरवलं.

"पुलाचे बोल्टही असेच कुणी सैल ठेवले असतील?"

"पुलातलं मला काय कळतं, साहेब?"

"मलाही नाही," साहेब म्हणाले. आवाज इतका बारीक, की लिफ्टवाल्यालाही जमला नसता. "आणि गेलं वर्षभर मी पुलांच्या फायलींवर सह्या करतोय." मग सचिवांकडे वळून, "कोरा कागद आणा. आणि ह्यांना घरी जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी नव्या मंत्र्यांची पाटी आली. काकांनी चारही स्क्रू हात दुखेपर्यंत आवळले. दोन पावलं मागे सरले, पुन्हा पुढे जाऊन पाटी हलवून पाहिली. हलेना.

"काका, हे साहेब आधी काय करायचे, ठाऊक आहे का?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"नको, सांगू नकोस," काका म्हणाले आणि जिन्यानेच खाली गेले.