हजेरीपटातली मुलगी

माझी एक विद्यार्थिनी गेली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी सहा जणांना घेऊन नागपूरला गेलो. अधिवेशन चालू होतं. आमदारांना भेटून एकच गोष्ट मागायची होती. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह हवं, आणि त्याची मंजुरी दसऱ्याच्या आत, म्हणजे मजूर नेणाऱ्या मुकादमाचे ट्रक निघण्याआधी हवी. आमच्या शाळेला ते कधीच मिळालं नव्हतं.

शाळा सिरसाळ्याच्या बाजूला, दोन शिक्षकांची. ती मुलगी चौथीत होती. शाळेच्या पत्र्याच्या पेटीतली सगळी पुस्तकं वाचून झाल्यावर ती पुड्यांचे कागद वाचायची. शब्द अडला की दारात येऊन उभी राहायची आणि मी बघेपर्यंत काही बोलायची नाही. मी वाचत असलो तर ती बराच वेळ उभी असायची. ते आता फार आठवतं. मागं सांभाळायला घरात कुणी नव्हतं म्हणून त्याही वर्षी ती आईबापांबरोबर कारखान्यावर गेली. पौषातल्या एका दुपारी, उसाच्या फडात ट्रॉली मागे येत होती आणि वाटेत धाकटी बहीण बसली होती. ही तिला ओढायला धावली. धाकटी वाचली.

आमच्या सहा जणांत तिची आई होती. आम्ही नागपूरला गेलो त्या हंगामात नवरा एकटाच भावाबरोबर गेला होता, ती धाकटीला घेऊन गावात थांबली होती. पुढच्या वर्षी थांबणं जमणार नव्हतं. धाकटी पहिलीत होती. तिला ठेवायला जागा मिळावी, एवढ्यासाठी ती आली होती. परळीला गाडीत बसताना तिनं मला विचारलं होतं, नागपूरला सांगितलं की मिळतं का. मी मिळेल म्हणालो होतो.

निवेदन मी लिहिलं होतं, चार पानांचं. आठ दिवस घासूनपुसून लिहिलेलं. आमच्याबरोबरच्या अंगणवाडीताईंनी ते गाडीत वाचलं आणि घडी घालून परत दिलं. म्हणाल्या, लई चांगलं हाय गुरुजी, पर हे वाचायला आमदार रिटायर झालेला पायजे.

पहिले दोन दिवस त्यांचंच खरं झालं. आम्ही आत गेलो की साहेब उठायचे, निवेदन एका टोकाला ते धरायचे, दुसऱ्या टोकाला आम्ही. फोटो निघायचा. मग निवेदन स्वीय सहायकाकडं जायचं आणि आम्ही बाहेर यायचो. चौथ्या फोटोनंतर ताई म्हणाल्या, पुढच्या टायमाला नुसते फोटोच पाठवू, तिकिटं तरी वाचतील. सगळे हसले. मुलीची आई हसली नाही. ती प्रत्येक वेळी बाहेर आल्यावर माझ्याकडं बघायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका आमदारांनी वेळ दिली. आमदार निवासातली लहान खोली, पलंगावर फाइली पसरलेल्या. त्यांनी पोह्यांची बशी बाजूला सारली आणि चारही पानं वाचली. मधेमधे पेन्सिलीनं खुणा केल्या. मला वाटलं, झालं काम. मग त्यांनी एक फाइल ओढली. याच विषयावर त्यांनी आधी सभागृहात प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर आलं होतं, शाळांच्या यादीसह. आमच्या शाळेच्या ओळीवर त्यांनी पेन्सिल ठेवली. स्थलांतरित विद्यार्थी, निरंक.

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. म्हणाले, तुमची सगळी मुलं वर्षभर हजर आहेत गुरुजी, मग वसतिगृह कुणासाठी मागता?

ती हजेरी माझ्या हातची होती. मुलं ट्रकमध्ये बसून गेली तरी मी त्यांची हजेरी लावत असे. गैरहजर लावलं की नाव कमी होतं, नावं कमी झाली की पट उतरतो, पट उतरला की एक शिक्षक जातो आणि मग शाळा. चैत्रात मुलं परत आली की त्यांना त्यांचा वर्ग जागेवर मिळावा, एवढाच विचार होता. याला मी माया समजत होतो. वसतिगृहाची यादी हजेरीवरूनच ठरते हे मला माहीत नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. माहीत होतं. पण या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. मी मुलांना शाळेत ठेवत होतो, कागदावर, आणि म्हणून त्यांना खरोखर ठेवायची जागा गावात होत नव्हती.

मी म्हणालो, "हजेरी खोटी आहे. मी लिहिलेली."

मुलीची आई दाराजवळ खाली बसली होती. तिनं तिथूनच विचारलं, "ती गेली त्या दिशी बी?"

मी हो म्हणालो. आठवड्याची हजेरी मी सोमवारीच लावून ठेवली होती. ती गेल्याचा निरोप गुरुवारी आला.

ती पदराच्या काठाकडं बघत राहिली. आमदारांनी मला हळूच समजावलं. तोंडी सांगण्याचा उपयोग नाही, लेखी दिलं तर ते सभागृहात लक्षवेधी सूचना मांडू शकतील. पण लेखी दिलं की चौकशी आधी तुमची. दोन मिनिटं विचार करा, म्हणाले. ताई माझ्या बाहीला धरून कुजबुजल्या की आपण दुसऱ्या साहेबाकडं जाऊ.

"लिवून द्या, गुरुजी," मुलीची आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "धाकटीचं तरी खरं लिवा."

मी लिहून दिलं. अर्धं पानही झालं नाही.

लक्षवेधी कामकाजात लागली होती, पण त्या दिवशी सभागृह गोंधळात तहकूब झालं आणि ती राहून गेली. माझ्या चौकशीचं पत्र मात्र फाल्गुनात आलं, पाठोपाठ निलंबन. मी घरी बसून अर्ज करत राहिलो, बीडला, मुंबईला. पावसाळ्याच्या शेवटी उत्तर आलं की दुरुस्त माहितीनुसार प्रस्ताव विचाराधीन आहे.

दसऱ्यानंतर ट्रक लागले. मुलीची आई पहिल्या ट्रकला गेली नाही. नवरा चिडला, मुकादमानं दोनदा माणूस पाठवला. ती रोज सकाळी माझ्या दारात यायची. आत यायची नाही. आलं का, एवढंच विचारायची. मी नाही म्हणायचो. मग दोघंही थोडा वेळ तिथंच उभे राहायचो. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी ती आली नाही. ऊन चढेपर्यंत वाट बघून मी वस्तीवर गेलो. दाराला कुलूप होतं. शेजारच्या म्हातारबाबांनी सांगितलं की सकाळी टेम्पो आला होता, तिघंही गेली. मी विचारलं, धाकटी पण? ते म्हणाले, तिला कुठं ठेवावं, गुरुजी.