मुलुंडच्या वाडीतली पंगत

आधीच सांगते, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रिपोर्टमध्ये दिसेल तेवढंच खरं मानणारी बाई. घरात कोणी भुताखेताचं काढलं की मी टीव्हीचा आवाज वाढवायचे. तरीही हे लिहितेय...

मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी होती. गिरण्या बंद पडल्यावर कोकणातल्या काही भजनी कुटुंबांनी ती मिळून कसायला घेतली. भाजी, भात, दोन म्हशी — सगळं देवाचं, म्हणजे सगळ्यांचं. चूल एकच. शेवटचा माणूस पानावर बसल्याशिवाय कोणी घास घ्यायचा नाही, हा नियम. माझी विधवा आत्या तिथेच म्हातारी झाली.

मग जुनी माणसं एकेक करून गेली, पोरं नोकऱ्यांना लागली. जमीन बिल्डरकडे गेली, भोवती पत्रे लागले. आत्याला मी घाटकोपरला आणलं.

ती जेवेचना. डाळिंबी केली, मासे केले... ताट तसंच. "पंगतीशिवाय घास उतरणा नाय गो," एवढंच म्हणायची. अंगावर हाडं दिसायला लागली. डॉक्टर म्हणाले, आता ॲडमिट करा.

त्याच आठवड्यात, रविवारी मी बाजारातून आले तर आत्या घरात नाही! शेजारीण म्हणाली, "रिक्षात बसली ना, मुलुंड मुलुंड करत होती."

मीही रिक्षा करून वाडी गाठली. गेटला कुलूप. वॉचमन म्हणाला, "ताई, सकाळपासून मी इथंच आहे. कोणी आत गेलेलं नाही."

"उघडा तरी!"

भर दुपार होती. जेवणाच्या शेडमध्ये आत्या मांडी घालून बसली होती. समोर केळीचं पान, त्यावर कुळथाची पिठी आणि भात. वाफ निघत होती. वाडीतल्या केळी केव्हाच तोडल्या होत्या, चुलीत तर गवत उगवलं होतं. आणि आत्या जेवत होती... पोटभर.

"आत्या, अगं—"

"हळू बोल. पंगत उठाक नाय अजून."

तिच्या दोन्ही बाजूंना, समोरही, धुळीत पानांच्या आकाराचे ओले ठसे होते. वॉचमनने ते पाहिले आणि चपला काढून हात जोडले.

रिक्षात मी विचारलं, "कोणी वाढलं गं?"

"सुशीलान वाढल्यान."

सुशीलाकाकी आत्याची वाडीतली मैत्रीण. वाडी बंद झाल्यावर मुलीकडे कुडाळला गेलेली, तिथे अंथरुणाला खिळलेली. जिवंत होती... की? मला राहवेना. घरी येताच फोन लावला. मुलीने उचलला.

"आई बरी आहे गं. फक्त आज जेवायला तयारच नाही. म्हणते, सगळ्यांना वाढून मग जेवले मी. आणि हाताला कुळथाचा वास येतोय तिच्या... आमच्याकडे कुळीथ आणलेच नाहीत."

आत्या आता घरी जेवते. कशी, का — मला विचारू नका.