बटणाची जागा

फ्यूजभाऊ तारेला हात लावायच्या आधी तिला नमस्कार करायचा, आणि मग हात लावायचा तोही उलटा, पंजाच्या मागच्या बाजूनं. लाइट बंद केलीय हे स्वतः बघून आला असला तरी. "सिद्धा हात लावला तं मूठ बंद होते अन् सुटत नाई," तो सांगायचा. "उल्टा लावला तं झटका फेकून देते, जीव वाचते. भरोसा कराव, पन उल्ट्या हातानं." हे ऐकताना मी हसायचे. तेव्हा मला वाटायचं, हा माणूस विजेबद्दल बोलतोय.

त्या काळी, म्हणजे सत्तरच्या दशकात, आमचा तालुका अकोला जिल्ह्यात होता आणि गावातली वीज पालिकेची होती. कुणाचाही फ्यूज उडाला की हाक याला, म्हणून नाव फ्यूजभाऊ. खरं नाव हजेरीपटावर असेल, पण तो हजेरीपटही रोजंदारीचा. बारा वर्षं तो रोजंदारीवरच होता. संध्याकाळी गावातले रस्त्यावरचे दिवे लावत लावत तो शेवटी आमच्या वस्तीच्या तोंडाशी यायचा, कारण पालिकेचा शेवटचा खांब तिथंच होता. त्याच्यापुढे आम्ही, बौद्धांची पंचवीस घरं, आणि आमच्यापुढे अंधार. वस्तीतलं पहिलं घर आमचं. दिवा लावला की तो आमच्या ओट्यावर टेकायचा आणि पाणी मागायचा. पालिकेची बाकीची माणसं लांबूनच आवाज देत, घसा कोरडा पडला तरी पाणी मागत नसत. हा गडूला तोंड लावून प्यायचा. एवढ्या एका गोष्टीवर माझ्या मायनं त्याला भाऊ मानलं, आणि मीही.

मायला एकच नाद होता. मरायच्या आधी स्वतःच्या घरात, स्वतःच्या हातानं बटण दाबून दिवा लावायचा. जन्मभर लोकांच्या वावरात निंदण-खुरपण केलेली बाई, पण कधी सोनं मागितलं नाही, लुगडं मागितलं नाही. मागितलं ते बटण. एकदा फ्यूजभाऊनं तिला दाराशेजारच्या भिंतीला खेटून उभं केलं, तिच्या खांद्याच्या उंचीवर कोळशानं चौकोन काढला आणि म्हणाला, "बटन इथं येईन, अक्का. तुले हात वर कराचं काम नाई पडनार." माय बुटकी होती. त्या दिवसापासून दर एप्रिलला जयंतीच्या आधी ती पांढऱ्या मातीनं भिंत पोतारायची आणि तेवढा चौकोन कोरा सोडायची. पाहुणे विचारायचे, हे काय? माय ऐटीत सांगायची, बटणाची जागा हाय.

फ्यूजभाऊची दुसरी सवय म्हणजे कुठलाही कागद आधी पालथा करून बघायचा. तो चौथीपर्यंत शिकलेला, पण म्हणायचा, "समोर लिवते ते देनारा. मांगं लिवते ते घेनारा." मला पालिकेच्या शाळेत मास्तरीण म्हणून नेमणुकीचा कागद आला तेव्हा मी तो छातीशी धरून नाचत होते, आणि पेढे घेऊन कामरगावला मामाकडे आठवडाभर जायची तयारी करत होते. यानं कागद माझ्या हातून घेतला, पालटला आणि म्हणाला, वाच. मागं बारीक अक्षरात होतं की सात दिवसांत डॉक्टरचा दाखला घेऊन हजर झालं नाही तर नेमणूक रद्द. त्यातले चार दिवस गेले होते. मामाचे पेढे राहिले, पण नोकरी राहिली. वस्तीतली पहिली पगारदार बाई मी झाले ती याच्यामुळे, हे मी आजही नाकारत नाही. राग कितीही असला तरी खोटं कशाला बोलू?

मग सूर्यचूल आली. रॉकेलसाठी रांगा लागायचे ते दिवस. पालिकेनं ठरवलं की घरोघरी उन्हावरची चूल द्यायची, अर्धी किंमत पालिका भरणार, अर्धी आपण. लाकडाची पेटी, वर काच, झाकणाला आरसा, आत काळे डबे. फ्यूजभाऊनं एक पेटी डोक्यावर वाहून आणली, आमच्या अंगणात मांडली, आणि भर दुपारी डबा उघडून तुरीचं वरण दाखवलं. अख्खी वस्ती जमली होती. ना धूर, ना फुंकणी. "उनाचं बिल येत नाई," तो म्हणाला. कुणीतरी विचारलं, मंग खांबाचं काय? आमच्या वस्तीसाठी सवलतीत वीज देण्याची योजना मंजूर होती, आमचा नंबर लागलेला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर तो हसला आणि म्हणाला की पालिकेच्या कागदावर वस्तीचं नाव जितक्या वेळा येईल तितकं बरंच.

फॉर्म आमच्याच ओट्यावर भरले. अठरा घरं तयार झाली. मायनं एक बोकड विकलं. मी नावं लिहीत होते, लोक अंगठे उठवत होते, आणि प्रत्येकाच्या अंगठ्याशेजारी मी साक्षीदार म्हणून सही करत होते. फ्यूजभाऊ माझ्या बाजूला बसून एकेक कागद पुढे सरकवायचा आणि सही झाली की लगेच उचलून गठ्ठ्यावर ठेवायचा. शाई ओली आहे, म्हणायचा. अठरा कागद माझ्या हाताखालून गेले आणि त्यातला एकही मी पालटला नाही. का पालटू? ज्यानं पालटायला शिकवलं तोच तर शेजारी बसला होता.

सूर्यचुलीचं पुढे काय झालं ते काय सांगावं! आमच्या बायका सकाळी आठला कामावर जायच्या, आणि ही चूल दुपारी एकला जेवण द्यायची. घरी जेवायला कोण, तर कोंबड्या. तासातासाला पेटी उन्हाकडे फिरवायची, ती कुणी फिरवायची? भाकर तर तिच्यात होतच नाही, आणि भाकरीवाचून आमचं जेवण कसलं? शेजारच्या शेळीनं आरशात स्वतःला बघितलं आणि टक्कर दिली, काच गेली. तरी सुट्टीच्या दिवशी माय हौसेनं वरण लावायची आणि मला चाखायला लावायची. चव चांगली असायची, खरंच.

पुढच्या उन्हाळ्यात पालिकेच्या आवारात लोखंडी खांब येऊन पडले. शाळेतून येताना मी ते बघितले आणि धावत घरी आले. मायनं त्याच दिवशी भिंत पोतारली आणि चौकोन नीट कोरा राखला. चौथ्या दिवशी ट्रक आला, आमच्या वळणाशी आला, आणि वळलाच नाही. सरळ नव्या कॉलनीकडे गेला. तिथं अजून निम्म्या प्लॉटांवर घरंही नव्हती.

मी पालिकेत गेले. तिथल्या कारकुनानं शांतपणे आमचा गठ्ठा काढला, वरचा फॉर्म पालटला आणि माझ्यापुढे ठेवला. एका घरास एकच सवलत. सूर्यचूल घेणाऱ्यास पुढील पाच वर्षं सवलतीच्या वीजजोडणीवर हक्क सांगता येणार नाही. तो म्हणाला, सातच घरं उरली आहेत, सात घरांसाठी खांब टाकता येत नाहीत. मग समोरची बाजू दाखवून विचारलं, "साक्षीदार म्हणून सही तुमचीच ना, बाई?" माझीच होती. अठराच्या अठरा.

त्या संध्याकाळी मी शेवटच्या खांबाशी जाऊन उभी राहिले. फ्यूजभाऊ आला तो नवी खाकी घालून. महिन्यापूर्वीच कायम झाला होता, त्याचे पेढे आम्ही खाल्ले होते. मी विचारलं, तुला मागचं ठाऊक होतं? मनातून मला वाटत होतं, त्यानं नाही म्हणावं. खोटं म्हणाला असता तरी मी मानलं असतं.

"ठाऊक होतं," तो म्हणाला. "सायबानं सांगतलं, अठरा फारम आन, पर्मनंट करतो. गावात कोनी घेत नवतं. बारा वर्सं झाली होती, मास्तरीन."

"मंग मले सांगाचं होतं."

"सांगतलं असतं तं तू भरू देल्ले असते काय?"

नसतेच भरू दिले. म्हणूनच तर त्यानं आमचं घर निवडलं, माझा ओटा निवडला, माझी सही निवडली. दुसऱ्या कुणाच्या सहीवर अठरा घरांनी अंगठे दिले नसते. साहेबानं फसवलं असतं तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. साहेब कधी आमच्या घरी पाणी प्यायला होता? हा प्यायला होता, आणि तेही गडूला तोंड लावून.

वस्ती त्याला काही बोलली नाही, बोलली ती मला. नळावर बायका गप्प व्हायच्या. एका म्हातारीनं तोंडावर विचारलं, मास्तरीन, तुले वाचता येत होतं ना वं? वर्षभर कुणी माझ्याकडे पत्र वाचायला आणलं नाही. माय मात्र म्हणायची, जाऊ दे, त्याले बी पोट हाय. मला तिचाही राग यायचा. पण पुढच्या एप्रिलला तिनं भिंत पोतारायला घेतली आणि तो चौकोनही पोतारून टाकला. मग हात धुतले आणि भाकरी टाकायला बसली. फ्यूजभाऊ रोज यायचा, खांबावरचा दिवा लावायचा, आमच्या ओट्याकडे न बघता निघून जायचा.

चौथ्या हिवाळ्यात माय गेली. फ्यूजभाऊ आला होता, खांबापाशी टोपी काढून उभा राहिला होता. मी त्याला जवळ बोलावलं नाही.

पाच वर्षं सरली आणि वस्तीत खांब आले. घरातली जोडणी करायला पालिकेनं दोन नवीन पोरं नेमली होती, पण आमच्या घरी तो स्वतः आला. केस पिकले होते. भिंत कोरी, पांढरी, कुठं चौकोनाची खूण नाही. मी काही सांगितलं नाही. त्यानं भिंतीला नमस्कार केला, उलटा हात दाराच्या चौकटीपासून सरकवत नेला आणि एका जागी थांबला. बरोब्बर तिथंच.

"जरा वर घेऊ काय? तू उंच हायस," तो म्हणाला.

"नाई. जिथं तिले सांगतलं होतं तिथंच."

काम झालं. त्यानं जोडणी मिळाल्याचा कागद पुढे केला. म्हणाला, "मांगं काई नाई, मास्तरीन." मी तरी पालटला. मागची बाजू कोरी होती. दारात नेऊन उजेडाला धरली, पुन्हा पालटून समोरची बाजू पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचली, आणि मग सही केली. तो तेवढा वेळ मान खाली घालून उभा होता.

"दाब आता," तो म्हणाला.

खांद्याच्या खाली असलेल्या त्या बटणासाठी मी थोडी वाकले, हात पालथा केला आणि बोटांच्या मागच्या बाजूनं ते दाबलं. दिवा लागला. त्यानं दिव्याकडे नाही, माझ्या हाताकडे बघितलं. मग शिडी खांद्यावर घेतली आणि पाणी न मागता गेला. गडू मी सकाळीच भरून ठेवला होता.